पाळलेल्या मांजरांना घरातच ठेवावं का? (आमचा पंत आणि एक निळा पक्षी)

सोनचाफा

गेल्या शनिवारी सकाळी सात वाजता पंत मागच्या दाराने आत आला आणि स्वयंपाकघरातल्या पायपुसण्यावर एक पक्षी आणून ठेवला. चिमणीच्या निम्मा असेल. डोक्यावर आकाशी टोपी, शेपूट उभं. सुपर्ब फेअरी-रेन म्हणतात त्याला, आणि विणीच्या दिवसांत नर असा निळा होतो. आमच्या कुंपणालगतच्या झुडपात त्यांचं एक कुटुंब होतं. मी रोज चहा पिताना बघायचे.

पक्षी जिवंत होता. बुटांच्या खोक्यात घालून जखमी पाखरं सांभाळणाऱ्या एका बाईंकडे नेला. त्यांनी पंखाखालची जखम दाखवली. टाचणी टोचल्याएवढी. म्हणाल्या, दिसायला एवढीच असते, पण मांजराच्या तोंडातले जंतू रक्तात उतरतात, आणि इतक्या लहान जिवाला तेवढं पुरतं. रात्री तो गेला.

आम्ही ऑस्ट्रेलियात कॅनबेरात राहतो, ब्लॅक माउंटनच्या बाजूला. इथला कायदा असा आहे की १ जुलै २०२२ नंतर जन्मलेलं मांजर कायम आपल्या हद्दीत ठेवायचं. बाहेर न्यायचं तर हार्नेस आणि दोरी. मोडलं तर १६०० डॉलरपर्यंत दंड. त्याआधी जन्मलेल्या मांजरांना, काही ठरावीक उपनगरं सोडली तर, मोकळीक आहे. आमचा पंत २०१७चा आणि चकली २०२३ची. म्हणजे एकाच घरात, एकाच वाडग्यातून खाणारी दोन मांजरं, एकाला रान मोकळं आणि दुसरीला खिडकी.

कायद्याने पंतला मी उद्याही बाहेर सोडू शकते. सोडावं का, हा माझा प्रश्न आहे. आठ वर्षं मोकळा फिरलेल्या बोक्याला आता दार लावून घेणं मला फार जड जातंय. सांगलीहून आई आली आहे सहा महिन्यांसाठी, ती म्हणते, "मांजर काय पोपट आहे का पिंजऱ्यात घालायला?" नवरा म्हणतो, आजपासून बंद. मी शनिवारपासून नीट झोपलेले नाही.

खिडकीत_मांजर

पंत हे नाव फार आवडलं. फोटो टाका ना.

गवतीचहा

सोनचाफा, वाचून गलबललं. पण पंतचा यात काय दोष? शिकार त्याच्या रक्तात आहे. मी घरात कोंडण्याच्या पूर्ण विरोधात आहे.

माझी पहिली मनी फ्लॅटमध्ये वाढली, चौथ्या मजल्यावर. दिवसभर मी ऑफिसात, ती एकटी. चाटून चाटून तिने पोटावरचे केस काढले होते. डॉक्टर झाले, औषधं झाली. शेवटी आम्ही कोथरूडला आईच्या जुन्या घरी राहायला आलो, मागे अंगण, पेरूचं झाड, शेजारचा वाडा. दोन महिन्यांत केस परत आले. त्यानंतर मी ठरवलं, आपल्याला मांजर हवंय म्हणून त्याचं आयुष्य चार भिंतींत घालवायचं नाही. आता तीन आहेत, तिघांची नसबंदी केली आहे, तिघं मोकळी. पाल, उंदीर आणतात. पक्षी क्वचित.

वेलिंग्टनवासी

गवतीचहा, तुमच्या मनीबद्दल वाईट वाटलं. पण कोथरूडचं अंगण आणि कॅनबेराचं अंगण यांची तुलना करताना एक गोष्ट सुटते, ती सांगतो.

मांजराच्या कुळातला एकही प्राणी ऑस्ट्रेलियात मुळात नव्हता. १७८८ साली युरोपीय लोक वसाहत करायला आले, त्यांच्याबरोबर मांजर उतरलं, आणि शंभरेक वर्षांत अख्खा खंड व्यापला. मी राहतो त्या न्यूझीलंडची गोष्ट त्याहून टोकाची. इथे जमिनीवरचे देशी सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं. लाखो वर्षं पाखरांना भीती होती ती आकाशातून, ससाण्याची. त्यामुळे इथले पक्षी धोका दिसला की उडत नाहीत, जागच्या जागी थिजतात. वरून बघणाऱ्या ससाण्याला ते दिसत नाहीत. मांजर मात्र वासाने येतं.

इथल्या स्टीफन्स बेटावर रेन नावाचा एक इवला न उडणारा पक्षी होता. १८९४ साली तिथे दीपगृह सुरू झालं, माणसांबरोबर मांजर गेलं. पुढच्या वर्षापर्यंत पक्षी संपल्याच्या बातम्या छापून आल्या. टिबल्स नावाच्या एकाच मांजरीने अख्खी जात संपवली असं सगळीकडे सांगतात, ते खरं नाही. बेटावर मांजरांची वीण वाढली होती आणि सगळ्यांनी मिळून ते केलं. शिवाय मुख्य भूमीवरून हा पक्षी त्याआधीच उंदरांनी नाहीसा केलेला होता. बेट हा त्याचा शेवटचा आसरा होता.

आणि हे जुनं झालं म्हणाल तर २०१०चं ऐका. ओहाकुने गावाजवळच्या जंगलात एका मांजराने आठवड्याभरात शंभराहून जास्त वटवाघळं मारली. इथलं ते आखूड शेपटीचं वटवाघूळ जमिनीवर चालत भक्ष्य शोधतं. मांजरासाठी पंगतच. ते मांजर पकडून दुसरीकडे नेलं आणि मारणं थांबलं.

माझ्या घरी मांजर होतं. सोळा वर्षांचं होऊन गेलं. दुसरं आणलं नाही. गावातच झीलँडिया म्हणून राखीव जंगल आहे, २२५ हेक्टर, भोवती साडेआठ किलोमीटरचं कुंपण. त्यातून बाहेर पडलेले 'काका' नावाच्या जातीचे देशी पोपट आता आमच्या गच्चीवर येतात. कुंपण होतं म्हणून ते वाढले, आणि वाढले की कुंपण ओलांडून आमच्या आवारात येतात, जिथे मांजरं आहेत. मग मी कुणाची बाजू घ्यायची?

शंकासुर

भावना समजतात, पण आकडे काय म्हणतात? २०१९-२०च्या वणव्यात ऑस्ट्रेलियात जवळपास ३०० कोटी प्राणी मेले किंवा बेघर झाले असा अंदाज होता. जंगलतोड चालूच आहे. रस्त्यावर गाड्यांखाली किती कांगारू मरतात ते तिथे राहणाऱ्यांनीच सांगावं. यातलं काहीच थांबवता येत नाही, म्हणून घरातल्या मांजराला पकडायचं? सोपं सावज म्हणून? शिवाय जंगलात लाखो रानटी झालेली मांजरं आहेतच. पंतला आत ठेवून काय फरक पडणार?

बोलकाराघू

शंकासुर, प्रश्न रास्त आहे. मी मेलबर्नला नॉक्स काउन्सिलच्या हद्दीत राहतो, आमच्याकडे एप्रिल २०२२पासून चोवीस तास मांजर आवारात ठेवायचा नियम आहे. तेव्हा मीही हाच प्रश्न विचारत होतो, म्हणून थोडं वाचलं.

इथल्या संशोधकांचा हिशेब असा आहे: बाहेर फिरणारं आणि शिकार करणारं एक पाळीव मांजर वर्षाला सरासरी १८६ प्राणी मारतं, त्यातले ११० देशी. सरडे, पक्षी, छोटे सस्तन. मालकाला यातलं जेमतेम १५ टक्के दिसतं, कारण बाकी जिथल्या तिथे खाल्लं किंवा टाकून दिलं जातं. सोनचाफा, पंतने आणलेला तो पहिला पक्षी नव्हता हो. तुमच्या पायपुसण्यावर आलेला पहिला.

आणि रानटी मांजरांचं म्हणाल तर खरं आहे, ती एकूण जास्त मारतात. संख्या पावसाप्रमाणे २१ लाख ते ६३ लाखांच्या दरम्यान हलते. पण ती विरळ पसरलेली असतात. एका वस्तीत मात्र दर दोन-तीन घरांमागे एक मांजर. त्यामुळे दर चौरस किलोमीटरला बघितलं, तर उपनगरातली पाळीव मांजरं जंगलातल्या मांजरांच्या तीस ते पन्नास पट प्राणी मारतात. तुमच्या कुंपणालगतच्या त्या फेअरी-रेनला वाळवंटातलं मांजर मारायला येणार नाही. पंतच जाणार.

वणव्याचंही तेच. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला किम्बर्लीत मांजरांच्या गळ्यात माग काढणारे पट्टे घालून बघितलं, तर नुकत्याच जळलेल्या माळाकडे ती लांबून मुद्दाम शिकारीला जातात, कारण लपायला गवत उरलेलं नसतं. म्हणजे वणवा आणि मांजर ही दोन वेगळी संकटं नाहीत, एकाच्या मागोमाग दुसरं येतं.

आमच्या घरचं सांगतो. आमची शेवंती तेव्हा पाच वर्षांची. पहिले दोन आठवडे रात्रभर दाराशी रडली. मुलगी तिच्याबरोबर रडली. मी मागच्या व्हरांड्याला जाळी मारून घेतली, आत दोन फळ्या, एक जुनी शिडी, कुंडीत गवत. खिडकीतून तिला हवं तेव्हा तिथे जाता येतं. सहाएक आठवड्यांत ती बाहेर जायचं मागेनाशी झाली. आता ऊन पडलं की शिडीच्या वरच्या पायरीवर पसरलेली असते.

खिडकीत_मांजर

एवढं वाचून पुन्हा विचारते, पंतचा फोटो :)

भोपळ्याचीवेल

गळ्यात घंटा बांधली तर? (मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा प्रश्न निदान सोनचाफाच्या घरी तरी सुटलेला आहे. दिवे घ्या, थट्टा आहे.)

शंकासुर

:)) उंदरांच्या सभेत हाच ठराव पास झाला होता.

मधलाबाक

भोपळ्याचीवेल, घंटेवर खरंच प्रयोग झालाय. एक्सेटर विद्यापीठाने २०२१मध्ये प्रसिद्ध केला, इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातल्या ३५५ मांजरांवर. घंटेने काही फरक दिसला नाही. मांजर हळूहळू घंटा न वाजवता चालायला शिकतं असं पुष्कळ मालक सांगतात, माझाही तोच अनुभव. रंगीबेरंगी कापडी झालर गळ्यात घातली तर घरी आणलेले पक्षी ४२ टक्क्यांनी कमी झाले, कारण पाखरांना रंग दिसतात. उंदीर-चिचुंद्र्यांना त्याचा उपयोग नाही.

मला जास्त आवडलं ते पुढचं. ज्या मांजरांना धान्याऐवजी मांस भरपूर असलेलं खाणं दिलं, त्यांची शिकार ३६ टक्क्यांनी घटली. आणि मालक रोज नुसता पाच-दहा मिनिटं दोरीला पीस बांधून खेळला तर २५ टक्क्यांनी. आम्ही ब्रिस्टलला आहोत, इथे मांजर मोकळं असणं हेच लोकांना स्वाभाविक वाटतं. आमच्या काळूला आम्ही संध्याकाळी सहा ते सकाळी आठ आत ठेवतो आणि त्याआधी खेळतो. दिवसा सोडतो. हा मधला मार्ग झाला. पण ३६ टक्के कमी म्हणजे ६४ टक्के चालूच, हेही मला कळतं.

चंडोल

जर्मनीतून लिहितोय. वाल्डॉर्फ. आयटीवाल्यांना गाव माहीत असेल, एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीचं मुख्यालय आहे, त्यामुळे मराठी घरंही बरीच आहेत.

इथे २०२२ साली जिल्हा प्रशासनाने आदेश काढला: एप्रिल ते ऑगस्ट, म्हणजे विणीच्या काळात, गावाच्या दक्षिण भागातल्या मांजरांनी बाहेर पडायचं नाही. न्यायचं तर दोन मीटरच्या दोरीने. आणि हे कुणासाठी? तुरेवाल्या चंडोलासाठी. तो जमिनीवर घरटं करतो, आणि जर्मनीत तो जवळपास संपला आहे. आमच्या गावाबाहेर मोजक्या जोड्या उरल्या होत्या. नियम मोडला तर ५०० युरो, आणि मांजराने चंडोल मारलाच तर दंड ५० हजारांपर्यंत.

गावात काय रणकंदन झालं! माझी घरमालकीण सत्तरीची, तिचं मांजर दहा वर्षांचं. ती म्हणाली, शेतं बुजवून तुम्ही घरं बांधलीत तेव्हा चंडोल आठवला नाही का? तिचं बरोबर होतं. पण चंडोलाची बाजूही बरोबर होती. तीन पिल्लं जमिनीवर, उडायला अजून दहा दिवस, आणि शंभर पावलांवर मांजर. शेतं कशी गेली याचा हिशेब त्या पिल्लांच्या उपयोगाचा नाही.

गंमत अशी की याचाच तुरेवाला भाऊबंद, आपल्याकडचा चंडोल, हा आपल्या माळांवरचा साधा पक्षी. सोलापूरकडे, नगरकडे गवताळ माळावर जा, गात असतो. मी लहानपणी कधी मान वळवून बघितलं नाही. मग आयडी बदलून हाच घेतला.

आजोबा_देवगड

सगळ्यांचं वाचतोय. आमच्याकडची बाजू मांडतो.

कोकणात मांजर हे लाडाचं जनावर नाही, कामाचं आहे. माळ्यावर भात, पेंढा, आंब्याच्या अढी. मांजर नसेल तर उंदीर, आणि उंदीर आले की त्यांच्या मागोमाग साप घरात. माझ्या आजोळी घोणस स्वयंपाकघरात निघाली होती त्या वर्षी घरात मांजर नव्हतं. तेव्हा मांजर घरात कोंडा म्हणणाऱ्याला इथे लोक वेड्यात काढतील.

पण एक सांगतो. आमच्या खळ्याशी शेवग्याच्या ढोलीत दयाळ दरवर्षी घरटं करतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या भाटीने, म्हणजे मांजरीने, पिल्लं खाल्ली. दयाळाची जोडी तीन दिवस ओरडत होती, ते ऐकवेना. दुसऱ्या वर्षी फाल्गुनातच मी बुंध्याला गुळगुळीत पत्रा गुंडाळला, माडाला उंदरांसाठी मारतो तसा, दीड हात रुंद. भाटी दोनदा चढायला गेली, घसरली, मग तिने नाद सोडला. गेल्या उन्हाळ्यात तीन पिल्लं उडाली. खर्च शून्य, पत्रा जुन्या गोठ्याचा. फक्त शेजारच्या झाडाची फांदी तिथे टेकत नाही ना, हे बघावं लागतं.

तर माझं म्हणणं, जिथे मांजर कामाचं आहे तिथे मांजर कोंडू नका, झाड राखा.

वेलिंग्टनवासी

आजोबा, पत्र्याची युक्ती झकास. इथे माझ्या शेजाऱ्याला सांगतो.

ऊसाचीपाचट

जुन्नरचा आहे. या चर्चेत आपल्याकडच्या रानमांजरांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

आपल्याकडे ऑस्ट्रेलियासारखं नाही, हे खरं. बाऊल आहे, वाघाटी आहे. इथल्या पाखरांना मांजर म्हणजे काय हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बुलबुलाला मांजर दिसलं की तो असा ओरडतो की अख्खी आळी जागी होते, साळुंख्या तर अंगावर जातात. म्हणून एका बाऊलामुळे पक्षी संपत नाहीत. पण एक बाऊल फिरतो तेवढ्या जागेत आज गावात वीस-पंचवीस मांजरं आहेत, आणि त्यांना घरातून दूधभाकरी मिळते. रानमांजराला शिकार संपली की उपास पडतो, तेही कमी होतं. गावच्या मांजराला तो चाप नाही.

दुसरं, वाघाटी. दीड किलोच्या आतबाहेरचं जनावर, जगातल्या सगळ्यांत लहान रानमांजरांपैकी एक. आमच्याकडे ऊसतोडीत तिची पिल्लं सापडतात, लोकांना वाटतं बिबट्याची. वनखातं ती टोपलीत घालून रात्री तिथेच ठेवतं, आई येऊन घेऊन जाते. मी एकदा लांबून बघितलंय. मान धरून एकेक पिल्लू नेलं, तीन खेपा. या वाघाटीच्या उसात आता आमचीच बिनलसीची मांजरं फिरतात. त्यांचे रोग तिला लागू शकतात, याचा विचार आम्ही गाववाले करत नाही.

कोंडायचं का? आमच्याकडे नाही जमणार. नसबंदी आणि लस मात्र जमेल, आणि तीही होत नाही.

पायवाट

मांजरांचं सोडा, भटक्या कुत्र्यांचं काय? माळढोकाची अंडी, चिंकारा, खोकडं, सगळ्यांवर कुत्री तुटून पडतात.

भोपळ्याचीवेल

पायवाट, मुद्दा शंभर टक्के बरोबर, पण कुत्र्यांचा धागा काढला की पाचशे प्रतिसाद होतात आणि मांजर राहतं बाजूला. वेगळा काढा, मी येते तिथे.

डॉ_शेपटी

मी नाशिकला जनावरांची डॉक्टर आहे, जास्त करून कुत्री-मांजरं बघते. दोन्ही बाजूंना थोडं थोडं सांगते.

गवतीचहा, तुमच्या मनीला झालं तो ताण होता, यात शंका नाही. पण कारण चार भिंती नव्हत्या, रिकामे दहा तास होते. घरात ठेवलेल्या मांजराला उंच जागा लागते, लपायला जागा लागते, ओरबाडायला खांब लागतो, आणि रोज माणसाचा वेळ लागतो. हे दिलं नाही तर ती जाड होतात, चिडतात, केस काढतात. बोक्यांमध्ये लघवी अडण्याचा त्रास तर मी दर महिन्याला बघते. तेव्हा 'दार लावलं, संपलं' असं ज्यांना वाटतं, त्यांनी मांजर पाळू नये. हे मी तोंडावर सांगते.

उलट बाजूने, मोकळ्या मांजरांचं जे माझ्या टेबलावर येतं तेही ऐका. गाडीची धडक. कुत्र्याने फाडलेलं. बोक्यांच्या भांडणातले गळू, आणि चाव्यातून पसरणारा एफआयव्ही हा मांजरांचा विषाणूजन्य रोग, ज्याला औषध नाही. मोकळं मांजर आनंदी असतं, आणि पुष्कळदा थोडंच जगतं.

सोनचाफा, पंतसाठी: एका दिवसात दार बंद करू नका. आधी फक्त रात्र. संध्याकाळी अंधार पडायच्या आधी जेवायला हाक मारा, म्हणजे आत येण्यात त्याचा फायदा राहील. दोन-तीन आठवड्यांनी पहाट जोडा, कारण पहाट आणि संध्याकाळ या त्याच्या शिकारीच्या वेळा. मग दुपार. लिटरचे, म्हणजे शी-शूचे, ट्रे मांजरांच्या संख्येहून एक जास्त, म्हणजे तुमच्याकडे तीन, तिन्ही एका कोपऱ्यात नकोत. पाण्याची वाटी जेवणापासून लांब. ओलं खाणं वाढवा. आणि चकलीवर तो चिडायला लागला तर घाबरू नका, दोघांना थोडे दिवस वेगळ्या खोल्या द्या. आठ वर्षांचा बोका शिकतो. मी बारा वर्षांचे शिकलेले बघितलेत.

शंकासुर

डॉक्टर, छान लिहिलंत. बोलकाराघूंचा चौरस किलोमीटरचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, तो मान्य. तरीही मला वाटतं, २०२२नंतरच्या मांजरांपुरता कायदा केला तो शहाणपणाचा आहे. जुन्या मांजराला त्याचं आयुष्य जगू द्यावं. दहा-बारा वर्षांत आपोआप सगळी मांजरं घरातलीच होतील.

वेलिंग्टनवासी

आणि त्या दहा-बारा वर्षांत सोनचाफाच्या झुडपातलं ते कुटुंब?

सोनचाफा

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे लिहिलं नाही कारण रोज काहीतरी चाललं होतं. आता सविस्तर.

डॉक्टरांनी सांगितलं तसं केलं. रात्री आत ठेवणं सोपं गेलं, संध्याकाळचं खाणं त्याला बरोबर समजलं. पहाट फार अवघड गेली. पाच वाजल्यापासून दाराशी बसून एक लांब, घशातला आवाज. आम्ही पाळीपाळीने उठून खेळलो. आई उठायची. "ये रे पंत, ये रे सोन्या" करत ती पदराचं टोक हलवायची आणि हा ते पकडायचा. विरोध तिचाच होता आणि पहाटेची पाळीही तिनेच घेतली.

तिला मी मधल्या शनिवारी मुलिगन्स फ्लॅटला नेलं, रात्रीच्या फेरीला. कॅनबेराच्या उत्तरेला ते राखीव रान आहे, भोवती कोल्हा-मांजर ओलांडू शकणार नाही असं कुंपण. आत बेटाँग सोडलेत. सशाएवढा, कांगारूच्या जातीचा प्राणी, जमिनीतल्या बुरशीच्या गाठी उकरून खातो आणि त्याने सगळी माती भुसभुशीत होते. या भागातून तो शंभरेक वर्षांपूर्वी नाहीसा झाला होता, २०१२मध्ये टास्मानियाहून आणून इथे सोडला. लाल बॅटरीच्या उजेडात एक आमच्यापासून दहा पावलांवर आला. शेपटीत गवताची जुडी धरलेली, घरट्यासाठी. आई बघतच राहिली.

परत येताना गाडीत तिने विचारलं, हे बाहेर का नाही राहत? मी म्हटलं, बाहेर कोल्हे आहेत, मांजरं आहेत. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे ज्यांचं रान आहे ते कुंपणात आणि आपण आणलेलं मांजर मोकळं?"

त्यावर मला काही बोलता आलं नाही. गवतीचहा, तुमचा प्रतिसाद मी पाच-सहा वेळा वाचलाय, आणि पंतचा दोष नाही हे तुमचं मला शंभर टक्के पटतं. त्याचा नाहीच. त्याला इथे मी आणलं, दार मी उघडत होते. म्हणून दारही मीच लावायचं ठरवलं आहे. मागच्या व्हरांड्याला जाळी लागली, नवऱ्याने दोन रविवार घालवले. पंत कालपासून तिथे बसतोय. खूश आहे असं मी म्हणणार नाही. शेपूट आपटत बसतो. चकली मात्र पहिल्या मिनिटापासून शिडीवर.

झुडपात अजून चार जण आहेत. सगळे तपकिरी. निळा एकही नाही. पण या पक्ष्यांत अख्खं कुटुंब मिळून पिल्लांना भरवतं म्हणे, आणि तपकिऱ्यांत एखादा तरणा नर असला तर तो रंग धरेल. मी रोज बघते.

फोटो टाकलाय, खिडकीत_मांजर :)

खिडकीत_मांजर

अगं काय ते डोळे! आणि मिशा खरंच पंतांसारख्या.

आजोबा_देवगड

तुमच्या मातोश्रींना नमस्कार सांगा. एकदा देवगडला या म्हणावं, दयाळ दाखवतो.

ऊसाचीपाचट

मातोश्री लाख बोलल्या. मी आमच्या वस्तीवरच्या सात मांजरांची यादी केली आहे. दिवाळीनंतर तालुक्याच्या डॉक्टरांना विचारतो, एका दिवसात सगळ्यांची नसबंदी आणि लस होते का. कुणी असं केलंय का? पकडायला काय वापरता?

डॉ_शेपटी

ऊसाचीपाचट, पकडायला सापळ्याचा पिंजरा, आत सुके बोंबील, आणि आदल्या रात्रीपासून बाकी खाणं बंद. पिंजऱ्यावर गोणपाट टाका, अंधारात ती शांत राहतात. निरोप पाठवते, सविस्तर सांगते.

गवतीचहा

मी तिघांना कोंडणार नाही, हे आधीच सांगते. कोथरूड म्हणजे कॅनबेरा नव्हे, आणि ऊसाचीपाचट यांनी लिहिलेलं बुलबुलाचं ओरडणं मी रोज ऐकते. पण सोनचाफाचा प्रतिसाद वाचल्यावर परवा मी मागच्या अंगणात नीट फिरले. पेरूच्या झाडामागे, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, पिसं होती. थोडी नाही. शिंप्याची हिरवट, बुलबुलाची लाल बुडाची, आणि काही जुनी, मातीत मिसळलेली. मी 'क्वचित' असं लिहिलं होतं. मला दिसत नव्हती एवढंच.

तर रात्र आणि पहाट आत ठेवून बघणार आहे, निदान मार्च ते जुलै. मागच्या गॅलरीला जाळी मारायची म्हणतेय. आमच्याकडे कबुतरांसाठी नायलॉनची मारतात ती चालेल का? जाळीवाला उद्या येतोय.

बोलकाराघू

गवतीचहा, साधी नायलॉनची नको. कबुतर बाहेरून ढकलतं, मांजर आतून चावतं आणि लटकतं. आमच्याकडे पहिली तशीच होती, शेवंतीने पंधरा दिवसांत कोपरा कुरतडला. आत बारीक तार असलेली मिळते का विचारा, नाहीतर वेल्ड केलेली तारेची जाळी घ्या. भोक इंचभर, दीड इंचाच्या वर नको, डोकं अडकतं. आणि खालची कड भिंतीत पट्टी ठोकून घट्ट करा, नुसते हुक लावून सोडतात, तिथूनच बाहेर पडतात.

गवतीचहा

इंचभर, तारेची, खाली पट्टी. लिहून घेतलं. धन्यवाद.